बाईंनी आढीत घातलेले कोर्स

रत्नागिरीतल्या आमच्या शाळेत चित्रकलेच्या वर्गाच्या दारात एक स्टूल असायचं आणि त्या स्टुलावर लोणच्याची बरणी. आत लोणचं नव्हे, खोडरबर. आत शिरणाऱ्या प्रत्येक पोराने आपला खोडरबर त्या बरणीत टाकायचा आणि तास संपला की परत घ्यायचा, हा बाईंचा कायदा. "रेघ पुसलीस तर कुठे चुकली ते कळणार कसं तुला? राहू दे तिला. तिच्या शेजारी दुसरी काढ," असं त्या म्हणायच्या. पोरं लबाड. कंपासपेटीच्या खणात दुसरा खोडरबर लपवून आणायची आणि बाई तो नुसत्या वासावरून पकडायच्या. यात चमत्कार काही नाही, तेव्हा पोरांत गोड वासाच्या खोडरबरांचं वेड होतं.

मी त्या शाळेत कॉम्प्युटर शिकवायला लागलो तो दोन हजार सहा-सातचा काळ. मूळचा मी देवरूखकडचा. नेमणूक तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास घेऊ तेवढाच पगार, आणि सुट्टीत देवाचं नाव. बाईंची निवृत्ती जवळ आलेली. उंच, काटकुळ्या, पदर खोचलेला, आणि आवाज असा की मैदानावर कबड्डी खेळणारी पोरं थांबायची. पहिल्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत मला म्हणाल्या, "सर, तू जरा इकडे ये." मी बुचकळ्यात पडलो. पुढे कळलं की 'सर' हे पोरांनी ऐकावं म्हणून आणि 'तू' हे माझं वय बघून. दोन्ही त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही.

"तुझ्या त्या यंत्रात खोडरबर असतो का रे?" त्यांनी विचारलं.

मला काय, हुशारी दाखवायची संधीच मिळाली. म्हटलं, "बाई, खोडरबर घेऊन काय बसलात! दोन बटणं एकदम दाबली की चूक झालीच नव्हती असं होतं. त्याला अन्डू म्हणतात."

बाईंनी हातातला घास डब्यात परत ठेवला. "झालीच नव्हती? झाली होती की! मेल्या, पोरांना खोटं बोलायला शिकवतोस आणि वर सरकार तुला पगार देतं?"

सरकार देत नव्हतं, संस्था देत होती, तीसुद्धा उशिरा. पण हे सांगायची ती वेळ नव्हती.

बाईंच्या वर्गात 'हिरवा' हा शब्द उच्चारायला बंदी होती. कुठला हिरवा ते सांगायचं. भाताच्या रोपाचा, विहिरीतल्या शेवाळाचा, कैरीच्या सालीचा, की फणसाच्या पानाचा? एकदा एक पोरगा म्हणाला, "बाई, एसटी स्टँडवरच्या बाकाचा हिरवा." सगळा वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. क्षणभर त्यांनी डोळे मिटले, तो बाक बहुतेक समोर आणला, आणि म्हणाल्या, "चालेल." आता हे 'चालेल' म्हणजे काय चीज होती ते बाहेरच्याला कळायचं नाही. 'छान', 'सुंदर', 'वा' हे शब्द त्यांच्या तोंडात कधी आलेच नाहीत. सगळ्यात मोठं कौतुक म्हणजे 'चालेल'. तेही वर्षातून एखाद्याच्याच वाट्याला. ते मिळालेलं पोरगं चार दिवस जमिनीवर चालत नसे.

तर अशा बाईंवर एक दिवस संकट आलं. आमचे कॉम्प्युटर तेव्हा शास्त्राच्या प्रयोगशाळेत एका कोपऱ्यात, ॲसिडच्या बाटल्यांशेजारी मांडलेले होते. त्यांना जागा हवी होती हे खरंच. आणि शाळेत सगळ्यात मोठी, सगळ्यात उजेडाची खोली होती ती बाईंची. मुख्याध्यापकांनी शिक्षकांच्या बैठकीत सांगून टाकलं की जूनपासून चित्रकलेचा वर्ग कॉम्प्युटरला द्यायचा, आठवी-नववीचे चित्रकलेचे तास बंद करायचे, आणि बाईंनी उरलेला काळ पाचवीला हस्तकला शिकवावी. मुख्याध्यापक माणूस वाईट नव्हता. बाईंकडे न बघता त्याने हे वाचून दाखवलं, त्यावरूनच त्याला काय वाटत होतं ते कळावं.

बाई उठल्या. "चित्रकला मी कॉम्प्युटरवर शिकवली तर?"

"तुम्ही?" मुख्याध्यापकांचा चष्मा खाली आला. "बाई, तुम्हाला तो सुरू तरी करता येतो का?"

"नाही. म्हणूनच विचारते. शिकले तर तास राहतील का?"

मुख्याध्यापकांनी सुटका करून घेण्यासाठी म्हटलं, मार्चमध्ये शाळा समिती बसेल, तिच्यापुढे करून दाखवा, मग बघू. त्यांना वाटलं विषय मिटला. बैठक संपल्यावर बाईंनी मला जिन्यात गाठलं.

"सर, मला फोटोचं ते सॉफ्टवेअर शिकायचंय. फोटोतच रंग असतात, उजेड असतो, सावली असते. माझंच आहे ते सगळं. मास्तर शोधून दे."

रत्नागिरीत तेव्हा शिकवण्या होत्या टायपिंगच्या नि टॅलीच्या. फोटोचं शिकवणारं कोणी नव्हतं. म्हटलं, इंटरनेटवर कोर्स असतात, घरबसल्या शिकायचे, व्हिडिओ बघून. ब्रॉडबँड नुकतंच आलं होतं आणि शाळेत ते एकट्या मुख्याध्यापकांच्या खोलीत होतं. शाळा सुटली की आम्ही दोघं तिथे बसायचो. एकेक कोर्सवाला एखादा धडा फुकट दाखवायचा, वाणी शेंगदाणे चाखायला देतो तसा. आणि तो धडा इतक्या सावकाश उतरायचा की मधल्या वेळेत बाई माझ्या वह्या तपासून द्यायच्या.

मला वाटलं होतं, दोन दिवसांत निवडू. मी यादीतला सगळ्यात वरचा कोर्स काढला. त्याला पाच तारे होते, शेकडो लोकांनी वाखाणलेला, शेवटी प्रमाणपत्र.

"तारे कोणी दिले?" बाई.

"जे शिकले त्यांनी."

"म्हणजे ज्यांना येत नव्हतं त्यांनी! त्यांना काय कळतंय मास्तर बरा की वाईट? पुढे."

त्यांची परीक्षा घ्यायची रीत जगावेगळी. आधी आवाज बंद करून धडा बघायचा. "बोलण्याला भुलायला होतं. आधी हात बघू." आता पडद्यावर मास्तरचा हात कुठून दिसणार? सुरुवातीला क्षणभर तो तोंड दाखवायचा, मग दिसायचा तो नुसता बाण. बाई त्या बाणाकडे टक लावून बघायच्या. "हा बघ कसा भटकतोय. ह्याला कुठे जायचंय ते ह्यालाच माहीत नाही. पाठ करून आलाय मेला." आणि खरंच, आवाज सुरू केला की तो गडी शिंचा घडाघडा वाचून दाखवत असायचा.

एकाने एका गोऱ्या बाईचे वाऱ्यावर उडणारे केस मागच्या समुद्रातून सोडवून दाखवले. मी तर हरखलो. बाई म्हणाल्या, "आपल्याकडे फोटो काढायचा म्हटलं की बायका तेल लावून केस चापून बसवतात. तेलाची चकाकी कशी सांभाळायची ते ह्याला येतं का विचार." दुसऱ्याने एका मुलीच्या गालावरचा तीळ एका टिचकीत घालवला. बाई ताडकन म्हणाल्या, "तिला विचारलं का?" मी म्हटलं, "बाई, तो नुसता शिकवतोय." "हेच शिकवतोय ना? माणसाच्या तोंडावरचं काही त्याला न विचारता काढायचं नसतं. माझ्या आजीच्या कपाळावर गोंदण होतं, ते ह्या गाढवाने डाग म्हणून पुसलं असतं. बंद कर." बंद केला. तिसरा इतक्या घाईने बोलायचा की बाईंना तो मिरकरवाड्याच्या जेटीवर मासळीचा लिलाव करतोयसं वाटलं. चौथ्याने उजवा कोपरा, डावा कोपरा, इथे दाब, तिथे दाब असं सांगितलं आणि का दाबायचं ते काही सांगितलं नाही.

आणि सगळ्यावर कडी म्हणजे बाई त्याच दिवशी होय-नाही कधीच करायच्या नाहीत. अगदीच टाकाऊ असेल तो जागच्या जागी बाद. बाकीचे आढीत. "आंबा उतरवला की लगेच चिरतोस का रे? पेंढ्यात घालून ठेवतोस ना? आठ दिवस ठेव. पिकतो की कुजतो ते आपोआप कळतं." म्हणजे काय, तर धडा बघितल्यावर आठ दिवस त्याचं नाव काढायचं नाही. आठ दिवसांनी बाई मधल्या सुट्टीत एकदम विचारायच्या, "सर, त्या लाल शर्टवाल्याचं काय आठवतंय?" मला त्याचा शर्ट आठवायचा. "गेला," म्हणायच्या बाई. असे किती कोर्स आढीतच कुजले. मुख्याध्यापक वैतागले. त्यांच्या खोलीत रोज आमचा तळ. एकदा ते म्हणालेच, "बाई, मुलीला स्थळ बघताना आम्ही एवढं बघितलं नव्हतं." बाई म्हणाल्या, "म्हणूनच ती दर महिन्याला माहेरी येते."

इकडे माझा जीव टांगणीला लागलेला. दिवाळी होऊन गेली, मार्च समोर दिसायला लागला, आणि बाईंनी अजून माउसला हात लावलेला नाही. मी म्हटलं, "बाई, तास हातचे जातील. कुठला तरी घ्या." त्या म्हणाल्या, "कुठला तरी मास्तर मी तुझ्यासाठीसुद्धा घेतला नसता."

शेवटी एक सापडला. सापडला म्हणजे काय, मी चुकून उघडला. कुठल्याशा बर्फाच्या मुलखातला म्हातारा होता, तोंड कधी दिसलं नाही. आवाज खरखरीत. धडा चालू असताना मागे त्याचा कुत्रा भुंकायचा आणि म्हातारा मधेच त्याला दटावून यायचा. तारे नाहीत, प्रमाणपत्र नाही. जुना फाटका फोटो नीट करत होता आणि करता करता त्याच्या हातून फोटोतल्या माणसाचा कान अर्धा गेला. मी मनात म्हटलं, संपलं. दुसऱ्या कोणी व्हिडिओतला तो तुकडाच कापून टाकला असता. म्हातारा मात्र शांतपणे म्हणाला की बरं झालं, आता हा कान परत कसा आणायचा ते तुम्हाला दाखवता येईल. आणि अन्डू न करता तो कान त्याने जोडला. दुसऱ्या कानाकडे बघत बघत, सावकाश.

बाई खुर्चीत पुढे सरकल्या. आढीचा नियम त्यांनी म्हाताऱ्यालाही लावला. आठ दिवसांनी मधल्या सुट्टीत विचारलं, "सर, म्हाताऱ्याचं काय आठवतंय?"

मी म्हटलं, "कान. आणि कुत्रा."

"पिकला," बाई म्हणाल्या.

पैसे भरायला कार्ड लागायचं, ते बाईंच्या पुण्यातल्या भाच्याला फोन करून जमवलं. मग जे सुरू झालं ते काय सांगू! बाई माउस ब्रशसारखा तीन बोटांत उचलून धरायच्या आणि बाण जागचा हलायचा नाही. "खाली टेकवा, बाई!" "टेकवला की हात जड होतो!" असं महिनाभर. चष्मा वर, चष्मा खाली. लोडशेडिंग झालं की दोघं अंधारात बसून विजेच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो. पण त्या रंगाकडे ज्या नजरेने बघायच्या ते मी बघत होतो. सॉफ्टवेअरमध्ये रंगांना आकडे असतात. बाईंनी आकड्यांशेजारी नावं दिली. शेवाळी. काजूच्या बोंडाचा लाल. जांभ्या चिऱ्याचा तांबडा, आणि त्यातही पावसात भिजलेल्या चिऱ्याचा वेगळा. मी कॉम्प्युटरचा मास्तर, पण रंगांच्या त्या आकड्यांत एवढं काही आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

म्हातारा गृहपाठ मागवायचा. बाईंनी शेजारणीच्या लग्नाचा जुना फोटो पाठवला, कोकणातल्या भिंतीवरच्या फोटोंना येते ती पांढरी बुरशी आलेला. म्हाताऱ्याचं उत्तर आलं की असे डाग मी जन्मात पाहिले नाहीत, हे कशाने होतात? मग बाईंनी मला सांगून आणि मी इंग्रजीत लिहून त्याला कळवलं की आमच्याकडे चार महिने पाऊस असतो, भिंती घाम गाळतात, कपाटातल्या चपलांनाही मिशा फुटतात. ते डाग कसे काढायचे ते बाईंनीच शोधलं, नवरीच्या नथीचा एक मोतीही न दुखावता, आणि फोटो परत पाठवला. म्हाताऱ्याने एक ओळ लिहिली. मी वाचली. "इट विल डू."

"म्हणजे काय रे?"

मी हसायलाच लागलो. म्हटलं, "बाई, तो म्हणतोय, चालेल."

बाईंनी पदराने उगाचच पडदा पुसला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या त्यांच्या. इतकी वर्षं दुसऱ्यांना तो शब्द तोलून मापून देणाऱ्या बाईंना तो कोणी दिलाच नव्हता. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, जसं काही मलाच मिळालं.

मार्चमध्ये शाळा समिती बसली. चित्रकलेच्या वर्गातच. अध्यक्ष होते ते मासेमारीच्या बोटींचे मालक, धिप्पाड गडी, बोलणं रोखठोक. मुख्याध्यापकांच्या खोलीत शाळेच्या पहिल्या तुकडीचा फोटो होता, बुरशीने निम्मी तोंडं खाल्लेला. बाईंनी तोच घेतला. भिंतीवर पांढरी चादर लावून मी प्रोजेक्टर जोडला, आणि बाई बसल्या. एकेक तोंड बुरशीतून बाहेर यायला लागलं. समितीतली माणसं खुर्च्या पुढे ओढायला लागली. "अरे, हा आपल्या डॉक्टरांचा बाप!" "हो रे, तोच तो!" आणि नेमक्या त्या गडबडीत बाईंचा हात घसरला. फोटोत मधोमध बसलेल्या त्या वेळच्या हेडमास्तरांची पगडी फराट्याने पुसली गेली.

मुख्याध्यापक माझ्या कानात कुजबुजले, "अहो, ती दोन बटणं, ते अन्डू, दाबा ना!" माझं बोट बटणांपर्यंत गेलंही होतं.

"सर, हात काढ," बाई म्हणाल्या. मग समितीकडे वळून, वर्गात बोलतात त्याच आवाजात, "चुकलं. आता पगडी कशी बांधायची ते बघा." आणि त्यांनी ती बांधली. घडीवर घडी, उजेड डावीकडून येतोय तो सांभाळत. शेवटची घडी बसली तेव्हा अध्यक्षांनी मांडीवर थाप मारली. माझे डोळे भरून आले होते, खोटं कशाला बोलू! प्रोजेक्टरच्या आड होतो म्हणून बरं.

"बाई, मानलं तुम्हाला," अध्यक्ष म्हणाले. "म्हणजे चित्रकला कॉम्प्युटरवर होते, हे ठरलं." मग ते माझ्याकडे वळले. "आता प्रश्नच मिटला की! सगळं ह्या यंत्रातच आहे, तर सरच दोन्ही विषय घेतील. ही खोली कॉम्प्युटरला. सरांचे तास पूर्ण भरतील, त्यांना कायम करून टाकू. बाईंनी आता आराम करावा. काय सर?"

मुख्याध्यापकांनी मान डोलावली. मी बाईंकडे बघितलं. त्या माउसवर हात ठेवून तशाच बसल्या होत्या. इतकं सगळं शिकून त्यांनी स्वतःच स्वतःची खोली घालवली होती. आणि ती मला मिळत होती, वर कायम नोकरीसकट. घरी आई त्या एका शब्दासाठी देव पाण्यात घालून बसली होती.

मी उठलो, फळ्याकडे गेलो आणि खडू घेतला. "अध्यक्षसाहेब, एक चित्र काढतो. मग ठरवा." तुमचीच बोट काढतो म्हटलं आणि काढायला लागलो. जेवढं येत होतं तेवढं जीव ओतून काढलं, मुद्दाम वाईट काढलं असं कोणी म्हणू नये. पुढची टोकदार नाळ काढली, डोलकाठी काढली, खाली तीन लाटा काढल्या. मागे सरून बघितलं तर मलाच घाम फुटला.

अध्यक्षांनी मान वाकडी करून फळ्याकडे बघितलं. मग त्यांचं पोट हलायला लागलं. "सर, ही बोट जेटी सोडायच्या आत बुडेल हो! हिच्यात मी माझा दुश्मनसुद्धा बसवणार नाही."

सगळी समिती हसली. मीही हसलो. म्हटलं, "साहेब, यंत्रात सगळं आहे, पण ते बघायला लागतं, आणि ते मला येत नाही. मी पोरांना बटणं शिकवीन. बोट बाईंनीच शिकवायला हवी."

अध्यक्षांनी हसता हसता डोळे पुसले आणि मुख्याध्यापकांना सांगितलं, प्रयोगशाळेत मधे भिंत घाला, कॉम्प्युटर तिकडेच राहू देत. ही खोली बाईंची. बाईंनंतरसुद्धा चित्रकलेची. तसं लिहून घ्या.

मी कायम झालो नाही. पुढे दोन वर्षांनी शाळा सोडली, फोटोचंच काम धरलं, आणि त्यात माझं बरं चाललंय. पण त्या दिवशी फळ्यापुढे उभा असताना जेवढी छाती फुगली होती तेवढी नंतर कधी फुगली नाही. समिती चहाला गेल्यावर बाई माझ्याजवळ आल्या. आभार वगैरे मानतील अशी माझी अपेक्षा नव्हतीच. त्यांनी माझी बोट नाळेपासून सुकाणूपर्यंत नीट तपासली.

"सर, चौथ्या तासाला तू मोकळा असतोस ना? आठवी ब असते तेव्हा. उद्यापासून ये इकडे. पोरांबरोबर बस. पहिल्या बाकावर, म्हणजे मला दिसशील."

गेलो. पंचविशी ओलांडलेला मास्तर, गुडघे बाकात मावत नव्हते, आणि शेजारची पोरगी माझं चित्र बघून तोंडावर हात ठेवून हसत होती.

आता माझ्याकडे नवी मुलं येतात कामाला. विचारतात, सर, हल्ली इतके ऑनलाइन कोर्स आहेत, तुम्ही कुठला केलात? मी त्यांना ताठ मानेने सांगतो, आठवी ब.